गिअर खरखरला, म्हणजे गिअरबॉक्स गेला?

पावसाळा सरत आला की वाचकांच्या गाडीविषयीच्या पत्रांचा सूर बदलतो. वायपर आणि गळक्या काचा मागे पडतात, क्लच-गिअरची गाऱ्हाणी सुरू होतात. यंदाही तसंच झालं, म्हणून आजची सगळी जागा गिअरबॉक्सला दिली आहे. आवाज कसा येतो याचं वर्णन बहुतेकांनी झकास केलंय : ‘खर्रर्र’, ‘घूंऽऽ’, एका ताईंनी तर ‘सासूबाईंसारखी कुरकुर’ असंही लिहिलंय. पण तो केव्हा येतो, हे फार थोड्यांनी कळवलं. मेकॅनिकला उपयोग होतो तो या ‘केव्हा’चाच. गाडी गार असताना की तापल्यावर? एकाच गिअरला की सगळ्या? क्लच दाबल्यावर की सोडल्यावर?

प्रश्न : आमची दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे, पाच गिअरची साधी. ८४ हजार किलोमीटर झाले. काही महिन्यांपासून गिअर टाकताना खरखर होते. गॅरेजवाल्यांनी एक चक्कर मारली आणि ‘गिअरबॉक्स उतरवून खोलावा लागेल’ असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून गाडी विकून टाकावी का, अशी चर्चा घरात सुरू आहे. गिअरबॉक्स खरंच गेलाय का, हे आपल्याला कसं कळावं?
— एक वाचक, सातारा

विकायची घाई करू नका. गिअर टाकताना खरखर होण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात, आणि त्यातलं स्वस्तातलं कारण गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. एका चकरेत त्या दोघांतला फरक सांगणारा मेकॅनिक एकतर फार हुशार असतो किंवा फार घाईत.

आत काय घडतं ते आधी पाहू. क्लच दाबला की इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो, पण गिअरबॉक्समधला शाफ्ट आपल्याच वेगात गरगरत राहतो. ज्या गिअरमध्ये तुम्हाला जायचंय, त्याचा वेग वेगळा असतो. हे दोन वेग जुळवायचं काम सिंक्रो रिंग करते. बऱ्याच गाड्यांत ही पितळी कडी असते, आतून बारीक खाचा पाडलेली. गिअरच्या निमुळत्या भागाला ती घासते, त्याचा वेग आवरते, आणि वेग जुळले की दाते एकमेकांत बसतात. १९२८ साली कॅडिलॅकनं ही सोय गाडीत आणली. त्याआधी ड्रायव्हरलाच ‘डबल क्लच’ मारून कानानं वेग जुळवावा लागे. ट्रकवाल्यांना तर त्यानंतरही कित्येक वर्षं. झिजायचं ते या रिंगेनं झिजायचं, पोलादी दात्यांनी नाही, अशीच ही योजना आहे.

आता तपासणी. सपाट जागा बघा, गाडी उभी, हँडब्रेक लावलेला, इंजिन चालू. क्लच पूर्ण दाबा, मनात तीन-चार अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे घाईघाईनं टाकला तर तो नव्या गाडीतही खरखरतो. ते मनाला लावून घ्यायचं कारण नाही. पण एवढं थांबूनही खरखरला, तर क्लच दाबलेला असतानाही शाफ्ट फिरतोच आहे, म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये. खात्रीसाठी इंजिन बंद करा आणि सगळे गिअर एकेक टाकून पाहा. बंद इंजिनवर सगळे अलगद पडतात आणि चालू इंजिनवर पहिला न् रिव्हर्स हट्टाला पेटतात, असं असेल तर बोट क्लचकडे करा.

हसू नका, पण क्लचला दोष देण्याआधी पायाखालची मॅट बघा. बाजारातून आणलेली जाड रबरी मॅट पुढे सरकून पेडलखाली जाते, पेडल शेवटपर्यंत दाबलंच जात नाही आणि बिचारा गिअरबॉक्स बदनाम होतो. मॅट निर्दोष निघाली, तर पुढचं पाहा. क्लच केबलचा असेल तर केबल ताणली गेली असेल. बऱ्याच गाड्यांत ती जुळवून घेता येते, नाहीतर बदलायची. क्लच हायड्रॉलिक असेल तर पेडल भराभर दोन-तीनदा मारून पाहा. असं पंप केल्यावर गिअर मुकाट पडत असेल, तर सिस्टिममध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. ही कामं गिअरबॉक्स खोलण्याच्या मानानं किरकोळ.

खरखर एकाच गिअरला होत असेल, तर मात्र सिंक्रोचा संशय धरा. शहरातल्या गाडीत हा गिअर सहसा दुसरा असतो, आणि तक्रार आधी सुरू होते ती तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना. कारण तेव्हा शाफ्टचा वेग वाढवून घ्यावा लागतो आणि रिंगेवर सगळ्यात जास्त ताण येतो. गार सकाळी पहिल्या किलोमीटरभर दुसरा गिअर थोडा अडखळला आणि नंतर सुधारला, तर ते घट्ट ऑइलचं लक्षण आहे. तापल्यावरही खरखर कायम राहिली, तर रिंग झिजली आहे.

तरीही लगेच खोलू नका, आधी ऑइल पाहा. गिअर ऑइल इंजिन ऑइलसारखं दर सर्व्हिसला बदलत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. छोट्या गाडीत ते साधारण दोन लिटर असतं. ड्राइव्ह शाफ्टचं सील थोडं थोडं झिरपत राहिलं, तर दोनाचं दीड कधी होतं ते कळत नाही, कारण यासाठी डॅशबोर्डवर दिवाच नसतो. गॅरेजमध्ये शक्य असेल तर स्वतः उभे राहा. आधी भरायचा बोल्ट सैल होतोय ना, ते बघायला सांगा. ऑइल काढून टाकल्यावर वरचा बोल्टच निघाला नाही, तर गाडी तिथंच अडकते. खालच्या बोल्टला बहुधा लोहचुंबक असतं. त्यावर काळपट राखाडी, मलमासारखा लेप दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज आहे. ऑइल उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी दिसली, तर ती सिंक्रोच्या पितळेची. आणि चुंबकाला नखाएवढे तुकडे किंवा सुईसारखे पोलादाचे कण चिकटलेले असतील, तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं आहे, खोलायलाच हवा.

नवं ऑइल भरताना ‘भारीतलं टाका’ एवढं म्हणून भागत नाही. डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दर्जे छापलेले असतात. पाच आकडा मोठा म्हणून चांगला, असं नाही. जीएल-५ मुळात डिफरन्शियलसारख्या जड दाबाच्या दात्यांसाठी आहे आणि त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या रसायनांचा पितळी रिंगांना त्रास होऊ शकतो. काही कंपन्या तर साध्या गिअरबॉक्ससाठी स्वतःचं वेगळं ऑइल सांगतात. गाडीबरोबर आलेली पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यात असेल, ती काढा आणि त्यात लिहिलंय तेच भरा. झिजलेली रिंग ऑइलनं नवी होत नाही, पण ऑइल जुनं, कमी किंवा चुकीचं होतं म्हणून कुरकुरणारे गिअरबॉक्स बदलानंतर गप्प झालेले बरेच आहेत.

गिअर टाकताना नव्हे, तर एरवीच गुरगुर येत असेल, तर आणखी एक सोपी परीक्षा. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करा, इंजिन चालू ठेवा. क्लचवर पाय नसताना आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो? मग गिअरबॉक्समधलं शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो? मग ते क्लचचं रिलीज बेअरिंग आहे, जे क्लच सेटबरोबर बदललं जातं. वळणावरच कटकट येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट पाहा. वेगाबरोबर वाढणारी घुमघुम हलक्या वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. या दोन्ही गोष्टींचा गिअरबॉक्सशी संबंध नाही, पण बिल मात्र कधीकधी त्याच्या नावानं फाटतं.

चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला येत असेल, तर ही एक गोष्ट अजिबात अंगावर काढू नका. कधी इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटल्यानं असं होतं, कधी आतले दाते गोलावल्यानं. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. साताऱ्याहून निघालं की खंबाटकी आणि कास दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत, तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : दर शनिवारी मुंबईहून लोणावळ्याला जातो. हल्ली खंडाळ्याचा घाट चढताना इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही, आणि जळका वासही येतो. गिअरबॉक्स की इंजिन?
— वाचक, मुलुंड

दोन्ही नाही. क्लच प्लेट घसरते आहे. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम साठ मीटरवर, लोणावळा सहाशेच्या वर. हा चढ तुम्ही शनिवारच्या गर्दीत, रांगेत, हाफ क्लचवर गाडी तोलत चढता. प्लेटचं घासणारं अस्तर याच वेळी सगळ्यात जास्त जळतं. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर जोरात दाबा. आरपीएमचा काटा वर उडाला आणि वेगाचा काटा जागेवरच राहिला, तर प्लेट संपली. ही परीक्षा फिरून फिरून करू नका, प्रत्येक वेळी उरलंसुरलं अस्तरही जातं.

काम करून घेताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा पूर्ण सेट बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदाच द्यायची असते, बेअरिंगचे पैसे वाचवून ती दुसऱ्यांदा देण्यात काही शहाणपण नाही. त्याच वेळी क्रँकच्या मागच्या आणि गिअरबॉक्सच्या पुढच्या ऑइल सीलवरून बोट फिरवून पाहायला सांगा. तिथून ऑइल झिरपत असेल तर नवी प्लेटही घसरणार. फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले, तर तो तापून पोळला आहे. पृष्ठभाग घासून सपाट करून घ्या. आणि यापुढे रांग थांबली की न्यूट्रल आणि हँडब्रेक, क्लचवर पाय ठेवून वाट बघणं बंद.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे. गिअर बदलताना झटका बसतो. मैत्रीण म्हणते, ‘या गाड्या अशाच असतात.’ कितपत झटका ‘असाच’ समजायचा?
— वाचक, नाशिक

मैत्रीण अर्धी बरोबर आहे. २०१४ साली मारुतीनं सेलेरिओमध्ये एएमटी आणली आणि हा प्रकार आपल्याकडे रुळला. आत गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच प्लेटही नेहमीचीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पाय-हाताऐवजी यंत्र असतं. ते यंत्र क्लच सोडून पुन्हा धरतं, तेवढा क्षण गाडीची ओढ तुटते. हा डुलका जन्मजात आहे. गिअर बदलायच्या वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला तर तो जाणवतही नाही.

गाडीच्या वागण्यात बदल झाला की मात्र लक्ष द्या. पूर्वी ब्रेक सोडताच हळूच सरकणारी गाडी आता थबकून मग उसळी मारते, सिग्नलला आपोआप न्यूट्रलवर येते, डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतं, किंवा तापल्यावरच गिअर घेत नाही. यापैकी काहीही दिसलं तर स्कॅनर लावून घ्या. क्लच झिजला असेल, ॲक्च्युएटरमध्ये, म्हणजे क्लच-गिअर हलवणाऱ्या त्या यंत्रात, दोष असेल, आणि कधीकधी निव्वळ बॅटरी अशक्त झालेली असते, त्यामुळे आधी बॅटरी तपासा. क्लच नवा बसवल्यावर संगणकाला त्याची नवी जागा शिकवावी लागते. गॅरेजमध्ये ही सोय नसेल, तर नव्या क्लचवरही गाडी झटके देत राहील आणि तुम्ही पुन्हा मला पत्र लिहाल. चढावर ॲक्सिलरेटरनं गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती मोडा. पाय क्लचवर नसला तरी प्लेट तुमचीच जळते.

प्रश्न : ऑटोमॅटिक गाडीचं ऑइल ‘आयुष्यभर बदलायची गरज नाही’ असं शोरूममध्ये सांगितलं होतं. आता ९० हजार किलोमीटर झालेत आणि ताशी साठ-सत्तरला गाडी थरथरते. दोन्हींचा संबंध असेल का?
— वाचक, मडगाव

असण्याची दाट शक्यता आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये ऑइल नुसतं वंगण नसतं. ताकद तेच पोचवतं, आतले क्लच तेच दाबतं, उष्णताही तेच वाहून नेतं. स्थिर वेगात कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच बसतो. ऑइलमधली घर्षण सांभाळणारी रसायनं थकली की तो एकदम न बसता धरतो-सोडतो करतो. हलक्या ॲक्सिलरेटरवर, टोलनाक्याआधीच्या पट्ट्यांवरून चाकं जावीत तसा दोन-तीन सेकंदांचा थरकाप होतो, आणि पाय जरा जास्त दाबला की थांबतो. तुमचं वर्णन यात बसतं. वेळेत योग्य ऑइल भरल्यावर हा थरकाप बरेचदा जातो. वर्षभर तसंच रेटलं तर क्लचचं अस्तर उडतं आणि मग ऑइलनं काही होत नाही.

‘आयुष्यभर’ कुणाच्या, हा प्रश्न शोरूममध्ये विचारायला हवा होता. जगभरच्या महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकचं ऑइल साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. आपल्याकडचं ऊन, गर्दी आणि घाट धरले, तर यातला लहान आकडा माना.

बाकीची लक्षणं थोडक्यात : ‘पी’वरून ‘डी’ला टाकल्यावर गाडी धरायला दोन-तीन सेकंद लावते, रिव्हर्स घेताना दणका बसतो, आरपीएम चढतं पण वेग मागे राहतो, किंवा गाडी एकाच गिअरमध्ये अडकून, कशीबशी गॅरेजपर्यंत पोचेल एवढीच चालते. हे शेवटचं संगणकानं स्वतःहून लावलेलं संरक्षण आहे. इंजिन बंद-चालू करून गाडी सुधारली तरी त्या दिवशी दाखवूनच घ्या, नोंदलेला दोष स्कॅनरवर सापडतो.

ऑइल बदलताना बोल्टमधून सगळं निघत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. म्हणून थोड्या-थोड्या दिवसांनी दोनदा-तीनदा बदलण्याची पद्धत आहे. सीव्हीटी, म्हणजे गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक, असेल तर तिला सीव्हीटीचंच ऑइल. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल भरणं म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्याला घसरायला मोकळं रान देणं. आणि ऑटोमॅटिक गाडी रस्त्यात बंद पडली, तर दोरखंड बांधून ओढून नेऊ नका. ऑइलचा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरत राहिली तर आतला भाग कोरडा घासतो. गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक मागवा.

प्रश्न : जुलैत गाडी कंबरभर पाण्यात अडकली होती. इंजिन ऑइल बदललं, गाडी सुरू झाली. आता अजून काही पाहायचं का?
— वाचक, चिपळूण

हो, आणि आठवड्याच्या आत. गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक बारीक नळी असते. गरम गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि त्या नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. ऑइल काढून पाहा. ते दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर पाणी शिरलंय. अशा ऑइलवर गाडी महिना-दोन महिने बिनबोभाट चालते, तोवर आत बेअरिंगना गंज धरतो. ऑइल बदला, शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा एकदा बदला. मागची चाकं ओढणारी किंवा चारही चाकांची गाडी असेल तर डिफरन्शियलचंही तेच करा. लोक नेमकं तेच विसरतात.

प्रश्न : पार्किंगच्या फरशीवर रोज एक थेंब दिसतो. कशाचा ते कसं ओळखायचं?
— वाचक, कोथरूड

रात्री पुठ्ठा पसरा आणि थेंब कुठे पडतो ते सकाळी बघा. रंगहीन, बिनवासाचं आणि एसी लावून आल्यावरच दिसणारं ते पाणीच असतं, सोडून द्या. लालसर असेल तर बहुतेक ऑटोमॅटिकचं किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल. तपकिरी पडून जळकट वास येत असेल तर ते तापलंय. काळं, पातळ ते इंजिनाचं. मधासारखं घट्ट, बोटाला चिकटणारं आणि कुजक्या लसणीसारखा वास मारणारं ते गिअर ऑइल, आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला थेंब असेल तर ड्राइव्ह शाफ्टचं सील. सील स्वस्त असतं. ते बदलताना गेलेलं ऑइल भरून घ्यायला मात्र मेकॅनिकला आठवण करा.